डी३ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी : शिमग्यापासून चवथीपर्यंत वापरून

सत्तरी ओलांडलेल्या दोघांसाठी डॉक्टरांनी दिलेला कोर्स असा : आठवड्याला एक पुडी, ८ आठवडे, पुढे रोज १,००० युनिटची गोळी. डी जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला ५ पैकी ४ गुण. हाड मोडू नये म्हणून एकट्या पुडीवर विसंबायचं असेल, तर १.

पुडी उपाशीपोटी पाण्यातून घेऊ नये. डी जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, म्हणून दुपारी हुमण-भात (हुमण म्हणजे खोबऱ्यातलं माशांचं कालवण) जेवल्यावर कोमट दुधातून द्यावी. गार दुधात दाणे तळाशी बसतात. पेला थोड्या दुधानं विसळून तेही प्यायला लावा.

खरी चूक वेगळीच होते. आठवड्याची पुडी रोज घेतली जाते, मग रक्तात कॅल्शियम वाढतं : तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, भ्रम. म्हापशाच्या बाजाराचा शुक्रवार हाच पुडीचा वार ठरवला आणि कॅलेंडरवर खूण केली की गोंधळ होत नाही.

कोर्सनंतर महिन्याला एक पुडी चालू ठेवायची पद्धत आम्हाला पटत नाही. झुरिकमध्ये आधी पडलेल्या, सत्तरीपुढच्या २०० जणांवर झालेल्या चाचणीत (२०१६) महिन्याला ६० हजार युनिट घेणारे २४ हजारवाल्यांपेक्षा जास्त जण पडले. रोजची छोटी मात्रा त्यापेक्षा बरी. तीही जादू नव्हे : अमेरिकेत २५,८७१ जणांवरच्या चाचणीत (२०२२) रोज २,००० युनिट सुमारे ५ वर्षं घेऊनही हाडं मोडणं घटलं नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या आजींना ८०० युनिट आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम रोज दिल्यावर (१९९२) खुब्याची हाडं मोडणं कमी झालं होतं. म्हणजे ऊन न मिळणाऱ्या, घरातच बसून असलेल्यांना उपयोग जास्त.

कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब. मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताची फेरतपासणी ३ महिन्यांनी. पातळी सावकाश स्थिरावते, त्याआधीचा खर्च फुकट.

पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ते घासून काढा, न्हाणीत पकडायला दांडी बसवा, रात्री सोप्यावर दिवा ठेवा. साध्या पडण्यानं एकदा हाड मोडलेलं असेल, तर डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून हाडांच्या औषधाबद्दल विचारा. तिथं पुडी पुरी पडत नाही.