पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन), आठ महिन्यांनंतर: आधी मागचा स्पंज काढून बघा

परवा रात्री मशीनवर पिवळा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय. सर्व्हिसवाल्याला फोन केला, तर त्यानं न बघताच सांगितलं की आतले झिओलाइटचे कॉलम (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे खडे भरलेले नळकांडे) गेले. खर्च हजारोंचा, आणि नुसतं येऊन बघायचे ८०० रुपये. मुलगा हो म्हणणार तेवढ्यात मी लहान सिलिंडरची नळी लावली, मशीन बंद करून मागची जाळी काढली. हवा गाळणारा स्पंज काळा ठिक्कर! शेजारच्या फडात ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं होतं, त्याची राख सगळी त्यात. कोमट साबणाच्या पाण्यात तीनदा चुबकला तरी पाणी काळंच. टॉवेलात दाबला, पंख्याखाली खडखडीत वाळवला (ओला अजिबात बसवू नका) आणि लावला. थोड्या वेळात हिरवा दिवा.

दर आठवड्याला धुवा, एवढं एक वाक्य बसवायला आलेल्या माणसानं सांगायला नको? बटण दाखवलं, सही घेतली, गेला. फार राग आला मला.

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार. विडी कधी ओढली नाही, तीस वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकली. मिनिटाला दोन लिटरवर रोज सोळा तास ऑक्सिजन सांगितलाय. पहिले दोन महिने मी मशीनलाच बोल लावायची, कारण सकाळी डोकं ठणकायचं, दिवसभर झापड. खरं कारण निराळंच निघालं. ऑक्सिमीटरवर ९८ दिसावं म्हणून मी मशीनच्या नळीतली, किती लिटर सुटतोय ते दाखवणारी गोळी चारवर नेऊन ठेवायची. डॉक्टरांनी तपासलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला. मला ८८ ते ९२ पुरे, म्हणाले. तेव्हापासून गोळी दोनवरच आहे, डोकं दुखत नाही आणि मशीनबद्दल तक्रारही नाही.

बिलाचं मात्र दुखतं. ३५० वॉट म्हणजे रोज साडेपाच युनिटं, महिन्याला १६५ च्या वर, आणि शंभराच्या पुढचा दर चढा. वीज गेली की सिलिंडर लावेपर्यंत मी खुर्चीत पुढं वाकून बसते, नाकानं श्वास घेते आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून सावकाश सोडते. घाबरले की दम जास्त लागतो, हे आता कळलंय.

देवापुढचं निरांजन सूनबाई लावते. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत मी जात नाही.

जादा स्पंज मागवलाय. एक मशीनला, एक दोरीवर. सर्व्हिसवाल्याला नको म्हणून कळवलं.