आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड: घरगुती वायरिंग करणाऱ्याने दोन वर्षं द्यावीत का?

दहावी झाल्यावर मी मामांच्या हाताखाली वायरिंगला लागलो. झिरी मारणं, पाइप टाकणं, स्प्रिंगने वायर ओढणं, बोर्ड भरणं हे सगळं तिथेच हाताला लागलं. त्यानंतर सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला. साइटवरची पोरं आजही विचारतात, "दादा, हात बसलाय, मग दोन वर्षं तिथे कशाला घालवायची?" हा अभिप्राय त्यांच्यासाठी.

सुरुवात फायलिंगने होते. वाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि काटकोन जुळेपर्यंत घासायचा. घराच्या कामाला याचा फारसा उपयोग नाही, तो वेळ कमी करायला हवा असं माझं आजही मत आहे. मग तारांचे जोड येतात. ब्रिटानिया जॉइंट हा उघड्या तारांच्या लाइनचा, घरात कधीच लागत नाही. पण तार घासून स्वच्छ करून घट्ट बांधायची आणि सोल्डर नीट उतरवायचं, ही सवय लागते. ढिला जोड का तापतो, तेही तिथे कळतं. बोर्ड जळतात ते बहुतेक वेळा अशा ढिल्या जोडामुळेच.

खरी किंमत वसूल होते ती तपासणीत. मामांकडे काम संपल्याची खूण एकच होती: बटण दाबलं, दिवा लागला. आयटीआयत सरांनी दिवा लागण्याआधीची तपासणी शिकवली. मेन बंद करायचा, उपकरणं काढायची, 500 व्होल्टचा मेगर (वायरीवरचं आवरण किती पक्कं आहे ते मोजणारं यंत्र) लावून वायर आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन मोजायचं. 1 मेगाओहमच्या खाली आकडा आला तर सप्लाय द्यायचा नाही. ओल धरलेल्या भिंतीतली खराब वायर मेगरवर लगेच उघडी पडते. टेस्टरला ती कळत नाही, कारण टेस्टर फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी बाजू, आहे की नाही एवढंच सांगतो.

अर्थिंगचंही तसंच. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, हे कुणीही पुरतो. पण दोन खुंट्या लांब ठोकून अर्थ टेस्टरने रोध मोजायचा असतो, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. बाजारात सर्रास चालणारी एक गोष्ट सरांनी फळ्यावर आकृती काढून मोडून काढली: अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ जोडून टाकणं. रोज काही वाटत नाही. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर 230 व्होल्ट उभे राहतात. हे करणारा माणूस वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आरसीसीबीचा धडा तर प्रत्येक वायरमनने शिकावा. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, वायरीला वाचवते. 6 अँपिअरची एमसीबी माणसाला शॉक बसला म्हणून पडत नाही, म्हणजे सप्लाय तोडत नाही. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते आणि फरक पडला की तोडते. म्हणूनच दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र पिळलेल्या जुन्या घरात ती बसवली की सारखी पडते, आणि घरमालक म्हणतो, "काढून टाका ही कटकट." कारण समजलेलं असलं की न्यूट्रल वेगळे करता येतात, आरसीसीबी काढावी लागत नाही.

उणिवा आहेत. सराव लाकडी फळ्यावरच्या केसिंग-कॅपिंगवर (वरून झाकण लावायच्या पट्टीतली वायरिंग) जास्त, कन्सीलवर (भिंतीच्या आतली वायरिंग) कमी. जुन्या घरात भिंतीआड वायर कुठून गेली असेल याचा माग काढणं आणि घरमालकाला खर्चाचा अंदाज देणं मला मामांकडेच शिकायला मिळालं. मोटर वाइंडिंगला, म्हणजे मोटरमध्ये तारेचे वेढे भरायला, बराच वेळ जातो. फक्त घरगुती वायरिंग करायचं असेल तर वायरमन ट्रेडचाही विचार करा.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रेड सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे स्वतःच्या नावावर कुणाच्याही घराचं वायरिंग करता येतं असं नाही. बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं. नवं वायरिंग किंवा वाढीव काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगारानेच करायचं, असा नियम आहे. नव्या मीटरच्या अर्जाला लागणारा टेस्ट रिपोर्टसुद्धा ठेकेदारच देतो. तेव्हा सर्टिफिकेटनंतर एक वर्ष अप्रेंटिस करा आणि वायरमन परवान्याच्या मागे लागा.

माझं मत: दोन वर्षं द्या. हात बसलेल्याने तर नक्कीच द्या, कारण आपण रोज काय करतो याचं कारण त्यालाच सर्वात लवकर कळतं. अर्ज भरण्याआधी मात्र त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. मेगर आणि अर्थ टेस्टर चालू आहेत का, की कपाटात कुलूपबंद आहेत, ते मुलांनाच विचारा. मुलं खरं सांगतात.