सुलेखनाची पेने: काही महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

सुलेखन शिकायला घेतल्यापासून चपट्या निबचे पायलट पॅरलल, ब्रश पेन आणि टोकदार निबचा टाक ही तिन्ही साधने मी नियमित वापरत आहे, आणि नवशिक्याने सुरुवात चपट्या निबपासूनच करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

पॅरललची निब म्हणजे धातूच्या दोन सपाट पट्ट्या. शाई त्यांच्यामधून उतरते. रेषेची जाडी येथे दाबावर नव्हे, तर निबच्या कोनावर ठरते. त्यामुळे हात जरासा ढळला तरी एकाच शब्दातले दोन काने वेगवेगळ्या जाडीचे उमटतात आणि चूक नेमकी कोठे झाली हे तिथल्या तिथे कळते. रोमनच्या इटॅलिक वळणात निब साधारण ४५ अंशांत धरतात आणि लहान अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट ठेवतात, म्हणजे ३.८ मिमी निबसाठी १९ मिमी. एवढ्या मोठ्या अक्षरात दोष लपत नाही, म्हणून १.५ मिमीच्या आधी हीच रुंदी घ्यावी. देवनागरीसाठी मात्र हे पेन पुरते सोयीचे नाही. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरका असतो, तर ही निब सरळ कापलेली असते. कित्त्यातले वळण साधायचे तर मनगट किंवा कागद बराच फिरवावा लागतो. देवनागरीला मला आजही बोरूच सरस वाटतो. शिवाय या पेनाची शाई पातळ कागदावर फुटते, आणि लाखयुक्त इंडिया इंक तर त्यात कधीच भरू नये. ती आत वाळून पेन तुंबते.

ब्रश पेनांपैकी टोंबो फुदेनोसुकेचे कडक टोक सोपे आहे. उतरत्या रेषेला दाब, चढत्या रेषेला हलका हात, एवढे ते चांगले शिकवते. मात्र खरखरीत कागदावर टोक झिजते आणि बारीक रेषा हरवते.

सर्वांत नाजूक रेषा टाकाचीच. नव्या निबवर तेलाचा थर असतो, तो साबणाने धुतल्याशिवाय शाई नीट धरत नाही. चढत्या रेषेला दाब पडला की टोक कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात, म्हणून हात स्थिर झाल्यावरच टाकाकडे वळावे. तेव्हाही फार लवचिक निब न घेता निको कंपनीची ‘G’ निब घ्यावी, कारण ती ताठर असल्याने जड हात सोसते. लिहून झाल्यावर ती लगेच पुसून कोरडी करावी. ओली राहिली तर गंजते.