पार्ल्याचं ऑरगॅनिक दुकान: माल छान, पण ते 'नॉन जीएमओ' स्टिकर काढा

दुकान चांगलं आहे हे आधीच सांगते. पार्ले ईस्टला, स्टेशनवरून चालत जाता येतं, नाचणीचं पीठ ताजं असतं आणि आंबेमोहोर तर असा की शिजायला लागला की घरभर वास सुटतो. नाव लिहीत नाही कारण असलं स्टिकर हल्ली बऱ्याच दुकानांत दिसतं.

माझा राग आहे तो त्या हिरव्या गोल स्टिकरवर. 'नॉन जीएमओ', म्हणजे प्रयोगशाळेत जीन्स बदललेल्या (जीएम) पिकाचं नाही, असं ते सांगतं. टोमॅटोवर, तांदळावर, भरताच्या वांग्यांवर आणि चक्क सैंधव मिठावर पण! मीठ खनिज आहे हो, त्यात जीन्स कुठून येणार?

बाकीच्यांचं म्हणाल तर आपल्याकडे सरकारी परवानगीने बाजारासाठी पिकतं असं जीएम पीक म्हणजे फक्त बीटी कापूस (एका जिवाणूचा जीन घातलेला, त्यामुळे झाडात कीड मारणारं प्रोटीन तयार होतं), २००२ पासून. बीटी वांग्याला २०१० मध्ये जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना स्थगिती मिळाली, जीएम मोहरीला २०२२ मध्ये हिरवा कंदील दाखवला पण ते सुप्रीम कोर्टात अडकलं. म्हणजे नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा टोमॅटो पण नॉन जीएमच, फक्त त्याला स्टिकर नाही आणि भाव निम्मा.

परवा एक काकू प्रेग्नंट सुनेसाठी वांगी घेत होत्या, काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाहेरची वांगी जीएम असतात ना रे? बाळाला काही होणार नाही ना?" त्याने नुसती मान डोलावली आणि पिशवी भरली. फार वाईट वाटलं मला, माणसाच्या काळजीवर धंदा करू नये.

आणि जिथे खरंच सांगायला हवं तिथे गप्प. त्याच दुकानातल्या चिवड्याच्या पाकिटामागे बारीक अक्षरात 'कॉटनसीड ऑइल' म्हणजे सरकीचं तेल लिहिलंय, आणि आपला बहुतेक कापूस बीटीच आहे. रिफाइंड तेलात ते बीटीचं प्रोटीन जवळजवळ उरतच नाही, मी स्वतः तो चिवडा खाते, घाबरा असं अजिबात म्हणत नाहीये, पण ज्याला जीएम टाळायचंय त्याला हे कळायला नको का?

मालकांशी बोलले तर म्हणाले, "कस्टमर मागतात म्हणून लावतो." अहो पण ऑरगॅनिक सर्टिफिकेटच्या नियमातच जीएम बियाणं चालत नाही, मग ते सर्टिफिकेट दाखवा ना, शेत कुठलं ते लिहा.

पीठं, कडधान्यं बिनधास्त घ्या. भाजी बाहेरूनच घ्या. पाचपैकी तीन स्टार, मिठावरचं स्टिकर निघालं की चौथा देईन.