वंशावळीच्या नावाखाली १,८०० डॉलर गेले

घरात जुनं इंग्रज आडनाव आलेल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. माझं सासर मॅसॅच्युसेट्सचं. घराण्याचा मूळ पुरुष १६३५ च्या सुमारास इप्सविचला आला, एवढं सासऱ्यांना माहीत होतं. त्याच्या मागे इंग्लंडात कोण, ते कुणालाच नाही. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तेवढं शोधून द्यावं म्हणून एका 'व्यावसायिक वंशावळतज्ज्ञा'ला काम दिलं. १,८०० डॉलर, अर्धे आगाऊ.

माणूस गोडबोल्या. पहिल्याच फोनवर म्हणाला, "तुमचं घराणं साधंसुधं दिसत नाही." हे तो प्रत्येकालाच ऐकवत असणार.

फाइल मात्र देखणी आली. मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, तळटिपांची रेलचेल. आणि आम्ही पडताळलेला कागद न् कागद खरा निघाला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहिलेली मी; जुनी नोंद दिसली की आपला विश्वास बसतोच. उरलेले पैसे दिले.

सासरे कौतुकाने ती फाइल घेऊन बॉस्टनला न्यूबरी स्ट्रीटवरच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीत गेले. वंशावळींचं काम करणारी १८४५ पासूनची संस्था. तिथल्या बाईंनी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: 'बाप्तिस्मा, १४ मार्च १५२१, चर्चची नोंदवही, सफक.' इंग्लंडात चर्चमध्ये अशा नोंदवह्या ठेवायचा हुकूमच मुळी १५३८ साली निघाला, आठव्या हेन्रीच्या राज्यात, थॉमस क्रॉमवेलकडून. मग १५२१ ची नोंद कुठून आणली?

पुढे सगळं उलगडत गेलं. इप्सविचचा माणूस खरा, इंग्लंडातल्या सफक परगण्यातलं घराणंही खरं. १५२१ ची ती नोंद मात्र बनावट, आणि दोघांना जोडणारा 'कौटुंबिक बायबलमधला उतारा'ही (घरच्या बायबलमध्ये जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवत, तसला) बनावट; शंभर तळटिपांत नेमकी त्याच्याच खाली तळटीप नाही. ते बायबल कुणाकडे आहे, याला आजतागायत उत्तर आलेलं नाही. ही युक्ती जुनीच आहे. गुस्ताव अँजू नावाच्या गृहस्थाने (मृत्यू १९४२) अशाच खऱ्या कागदांत खोटे सांधे घालून अमेरिकेतल्या श्रीमंतांना वंशावळी विकल्या. त्या अजून ग्रंथालयांत पडून आहेत आणि लोक बिनदिक्कत उतरवून घेतात.

कुणाला पैसे देण्याआधी रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पाचे खंड उघडा. १६२० ते १६३५ या काळात न्यू इंग्लंडात आलेल्यांची त्यात माणसागणिक माहिती आहे, आणि जिथे पुरावा नाही तिथे मूळ गाव 'अज्ञात' असं सरळ छापलंय. आमच्याही माणसापुढे तेच आहे. त्या 'अज्ञात'च्या जागी काहीतरी भरून मिळावं म्हणून आम्ही १,८०० मोजले! मॅसॅच्युसेट्समधल्या गावोगावच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी तर बऱ्याचशा छापलेल्या आहेत, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट पाहता येतात.

मध्यंतरी त्याच गृहस्थाचा मेल आला: घराण्याची ढाल (म्हणजे मानचिन्ह), फ्रेमसकट, ३५० डॉलर. इंग्लंडात असं मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. म्हणजे आधी वंशज असल्याचं सिद्ध करा, तेही ह्यांच्याच कागदावर.

पैसे परत मागितले, तर बँकेने 'काम पोहोचलं आहे' म्हणून हात वर केले. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली आहे. असाच बायबलचा उतारा आणखी कुणाच्या फाइलमध्ये आला असेल, तर त्यांनीही नोंदवावी.