लिंक रॉड झिजली होती, पैसे इंजिन उघडल्याचे घेतले

एकूण ११,८५० रुपये. ७,००० आगाऊ, ४,८५० गाडी ताब्यात घेताना. त्या पैशांत माझ्या गाडीला काय मिळालं, तर सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा आणि बोटभर ग्रीस. भांडुप-विक्रोळी पट्ट्यात जुन्या गाड्या चालवणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

गाडी यामाहा एफझी-१६, २०१० ची, पहिल्यापासून माझ्याच हातातली. गेल्या जूनपासून गिअर नीट पडत नव्हते. पहिल्यावरून दुसरा टाकायला जावं तर मधेच न्यूट्रल. कधी लिव्हर नुसतीच खालीवर व्हायची, आत काहीच पडायचं नाही. पवईच्या ट्रॅफिकमध्ये, मागे डंपर हॉर्न मारत असताना हे झालं की काय वाटतं ते चालवणाऱ्यालाच कळेल.

या गाडीत पायाची लिव्हर थेट इंजिनच्या शाफ्टवर नसते. लिव्हरपासून एक बारीक रॉड निघते, तीच लिंक रॉड. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारी गोळी, आणि तिचं दुसरं टोक शाफ्टवरच्या आर्मला जोडलेलं. शाफ्ट फिरला की इंजिनच्या आतले फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे काटे, हलतात. रॉड मात्र उघड्यावर, पायाशी, चिखलात. जॉइंटवरची रबरी टोपी फाटली की पाणी आणि रेती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळी झिजत जाते. मुंबईचे १५ पावसाळे काढलेल्या गाडीचं हे होणारच. मला हे आज माहीत आहे. १० ऑगस्टला माहीत नव्हतं.

त्या दिवशी रविवार होता. नेहमीचा मेकॅनिक आषाढातच गावी गेलेला. गणपती २७ तारखेला, मला २५ ला गाडीनेच संगमेश्वरला निघायचं होतं. म्हणून एका नव्या गॅरेजात गेलो. मालकाने पहिला प्रश्न विचारला, "दादा, गाव कुठलं?" मी सांगितलं. "अरे, मग आपण गाववालेच की! मी देवरुखचा." चहा मागवला. मी काही दूधखुळा नाही, बारा वर्षं नोकरी करतोय, पण आपल्याकडचा माणूस म्हटल्यावर मन सैल पडतं. कुणाचंही पडलं असतं.

आता तो क्षण सांगतो, जो रात्री डोळ्यासमोरून जात नाही. तो खाली बसला आणि हाताने लिव्हर वरखाली केली. लिव्हर चांगली बोटभर हलली आणि शाफ्ट जागचा हलला नाही. रॉड जॉइंटमध्ये खुळखुळत होती. मी ते बघितलं. नुसतं बघितलं नाही, तोंडाने विचारलं, "ही रॉड ढिली वाटत नाही का?" तो वर न बघता म्हणाला, "तिला एवढी मोकळीक कंपनीच ठेवते. तुमचे आतले फोर्क गेलेत. असंच चालवलंत तर कशेडी घाटात चाक लॉक होईल. घरात बायकापोरं आहेत ना?" आणि मी गप्प बसलो. खराबी माझ्या डोळ्यांना दिसली होती, माझ्या तोंडून निघाली होती, आणि मी ती गिळली. बायकापोरांचं नाव निघाल्यावर माणूस हिशेब करत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसरी खूणही मी सोडली. त्याच रात्री ९ ला तिथून जाताना पाहिलं, तर गाडी जशीच्या तशी उभी, इंजिन फ्रेममध्येच. फोन केला. "बसवून झालं दादा, आता फक्त टेस्टिंग." शिफ्टर फोर्क बदलायला इंजिन उतरवावं लागतं. सायलेन्सर, कार्ब्युरेटर, चेन सगळं काढून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. रविवारी पार्टची बहुतेक दुकानं बंद. मग नवे फोर्क आले कुठून? हा प्रश्न मला पडायला हवा होता.

सोमवारी ट्रेमध्ये तेलात बुडवलेले जुने फोर्क दाखवले. साध्या कागदावर हिशेब दिला: फोर्क सेट २,८००, गॅस्केट किट ९५०, क्लच प्लेट १,६००, ऑइल ५००, मजुरी ६,०००. ना शिक्का, ना गाडीचा नंबर. पैसे दिले त्या क्यूआर कोडवर नाव एका बाईचं आलं. "वहिनींचं आहे," म्हणाला. क्यूआरवर गॅरेजचं नाव नसेल तर पैसे देऊ नका. याचा पुढे मला किती त्रास झाला ते सांगतोच.

आठवडाभर गिअर बरे पडले. मग १८-१९ ऑगस्टचा तो पाऊस झाला आणि २२ ला जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) उतारावर रॉड जॉइंटमधून निसटली. गाडी तिसऱ्यात अडकली. मधल्या लेनमधून कडेला येईपर्यंत दोन बसगाड्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. तिथून क्लच धरून, ढकलत विक्रोळीपर्यंत आणली. तिथे फुटपाथवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी रॉड हातात घेतली. जॉइंटमध्ये ट्यूबचा तुकडा कोंबलेला. त्यांनी शाफ्टवरचा आर्म हाताने धरला, मला गाडी पुढेमागे हलवायला सांगितली, आणि पाचही गिअर एकामागून एक टाकून दाखवले. "आत काही झालेलं नाही. इंजिन कुणी उघडलेलंच नाही." सायलेन्सरच्या नटांवर जुना गंज तसाच, क्रँककेसच्या बोल्टांवर वाळलेला चिखल. ऑइल काळंकुट्ट.

नवी रॉड २९० रुपये, मजुरी १५०. ४४० रुपयांत गिअर लोण्यासारखे पडू लागले. गाडी उघडायला देण्याआधी ही आर्म धरून बघायची तपासणी करून घ्या, दोन मिनिटं लागतात. आणि बोल्टांचे फोटो काढून ठेवा.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर गाववाला विसरला. "पाण्यात घातलीत, आम्ही काय करणार?"

पोलिसांकडे तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. ठीक आहे, गणपतीचे दिवस, समजू शकतो. दुसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, "गॅरेजचं काम आमचं नाही, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? तर मलाच विचारलं, "वकील आहात का?" तिसऱ्या वेळी अदखलपात्र नोंद केली आणि वर ऐकवलं की पैसे तर तुम्ही एका बाईला पाठवलेत, गॅरेजचा संबंध सिद्ध करा. ११,८५० म्हणजे माझ्या घरचा महिन्याचा किराणा आणि मुलीची फी. तिथे त्याला "किरकोळ रक्कम" म्हणतात. रोज दोन गिऱ्हाइकं अशी कापली तर वर्षाला किती होतात, याचा हिशेब कुणी करायचा? एका सरकारी कार्यालयात गेलो की या गॅरेजला परवाना तरी आहे का ते सांगा. त्यांनी दुसऱ्या खोलीत पाठवलं, तिथून तिसऱ्या खोलीत, आणि तिथे जेवणाची सुट्टी. तीन अर्ध्या रजा गेल्या. गणपतीला मी गावी पोचलो तो एसटीने, उभ्याने.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नोंद लगेच होते, पण ती मध्यस्थी आहे, समोरच्यावर सक्ती नाही. सक्ती हवी तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. तिथे दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. वकील बंधनकारक नाही. हे मला कुणी खिडकीवर सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं.

अर्ज लिहून झालाय. सोबत त्या कागदी हिशेबाचा फोटो, दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट, रविवारी रात्रीच्या फोनची नोंद आणि काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद. जुनी रॉड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली आहे, ट्यूबचा तुकडा अजून तिच्यात आहे. त्याच पट्ट्यातल्या गॅरेजात कुणाला "आतले फोर्क गेलेत" असं सांगितलं असेल, तर तुमचा कागद फाडू नका, मला कळवा.