दाजींना 'बनगरवाडी' दिली त्याची गोष्ट

आमचे दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. सौद्याचा भाव सोडला तर पेपरातलंही काही वाचत नाहीत. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर घरात अडकले. मोबाइल बघून डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मला म्हणाले, "एखादं पुस्तक आण बघू. पण कंटाळा आला तर गुमान परत न्यायचं."

पहिली चूक माझीच. मोठ्या हौसेनं कर्णावरचं जाडजूड 'मृत्युंजय' नेऊन दिलं. आठ दिवसांनी गेलो तर दुखऱ्या पायाखाली उशी आणि उशीखाली कर्ण. ताई म्हणाली, उंची अगदी बरोबर होतेय.

मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' नेली. 1955 सालची, अंगानं बारीक. हे बघूनच दाजींचा जीव भांड्यात पडला. दुसरं म्हणजे त्यांचं आजोळ आटपाडीकडचं, आणि माडगूळकर तिथल्याच माडगुळ्याचे. धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच गोष्ट. पण त्यातली माणसं दाजींना ओळखीची निघाली. कारभारी म्हणजे थेट त्यांचे थोरले मामा, असं त्यांचं म्हणणं. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते, तिथं त्यांनी पुस्तक मिटलं आणि ताईला हाक मारून ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. लग्नाला तीस वर्षं झाली, असलं काही घडलं नव्हतं. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. ते वाचून रात्री साडेअकराला मला फोन: "आरं, मग ती माणसं गेली कुठं?"

दोन रात्रींत संपवली. माझ्याकडून पाचपैकी पाच.

पुढं मिलिंद बोकीलांची 'शाळा' दिली. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर आणि आणीबाणीचा काळ. पोरांच्या गप्पांवर खदाखदा हसले, राजकारणाची बोलणी आली की पानं उलटली. उलटू देत, परीक्षा थोडीच आहे! त्यांच्या हिशेबानं चार.

आता 'फकिरा' चालू आहे. अण्णा भाऊ साठे आपल्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. सुरुवातीलाच राणोजी दुसऱ्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, पळवून आणायला निघतो, त्यामुळं दाजींना दम धरायला सवडच मिळाली नाही. मारामारीचे सिनेमे आवडणाऱ्या माणसाला मी तर हीच आधी देईन. 'ययाति' मात्र इतक्यात नको. खांडेकर जन्मानं सांगलीचेच, पण त्यातली चिंतनं दाजींना झोप आणतील.

परवा भीत भीत विचारलं, "दाजी, मग 'मृत्युंजय' काढायचं का आता?"

"राहू दे. पाय अजून ठणकतोय."